पदव्युत्तर संशोधनातील आलेख आणि आलेखन-सॉफ्टवेअर : 'टॉक प्लॉट'च्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

विज्ञान शाखेच्या प्रबंधात मजकुराच्या खालोखाल जागा आलेख व्यापतात आणि मौखिक परीक्षेत परीक्षकाचे बोट बहुधा प्रथम आलेखावरच पडते. एकेकाळी हे आलेख मिलिमीटरच्या आलेख कागदावर हाताने काढले जात. विद्यार्थ्याला प्रमाण स्वतः निवडावे लागे, प्रत्येक बिंदू टोकदार पेन्सिलीने मांडावा लागे आणि पारदर्शक पट्टी फिरवीत 'सर्वांत चांगली' रेषा शोधावी लागे. हे काम वेळखाऊ होते. पण कोणता बिंदू रेषेपासून किती दूर पडला हे ते करणाऱ्याच्या ध्यानात राहत असे. आज निरीक्षणांचे दोन स्तंभ निवडून एक कळ दाबली की आलेख तयार होतो. प्रमाण, अक्षांच्या मर्यादा, बिंदूंना जोडणारी रेषा, जुळवणीचे सूत्र यांविषयीचे निर्णय आजही घेतले जातातच. मात्र ते पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये आधीच घालून ठेवलेल्या मूलनिवडीनुसार घेतले जातात. यांतील काही निर्णय केवळ दिसण्यापुरते असतात, तर काही निर्णयांमुळे प्रबंधाच्या निष्कर्षात लिहिला जाणारा आकडाच बदलतो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांचा विचार केला आहे.

साधनांचा थोडक्यात परिचय

महाविद्यालयांत सर्वाधिक वापर अर्थातच एक्सेलचा होतो. भौतिक व रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत ओरिजिन हे सशुल्क सॉफ्टवेअर परिचित आहे. मुक्तपणे उपलब्ध असलेल्यांत ग्नूप्लॉट हे सर्वांत जुन्यांपैकी एक होय. थॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी ते १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. नावात 'ग्नू' असले तरी त्याच नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाशी त्याच्या जन्माचा संबंध नाही. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब हे जॉन हंटर या मज्जाजीवशास्त्राच्या संशोधकाने स्वतःच्या कामाच्या गरजेतून २००३ च्या सुमारास उभे केले. संख्याशास्त्राकडे कल असणाऱ्यांसाठी आर ही भाषा आहे. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी लॅबप्लॉट किंवा सायडॅव्हिस यांसारखी, माऊसने चालणारी मुक्त साधनेही आहेत. शुल्क परवडत नाही म्हणून परवाना नसलेली प्रत वापरण्याचे कारण यामुळे उरत नाही. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक पाठ मराठीसह विविध भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत.

या साधनांमध्ये खरा भेद दिसण्याचा नसून नोंदीचा आहे. माऊसने केलेल्या कृतीची नोंद सहसा मागे राहत नाही. ग्नूप्लॉट, मॅटप्लॉटलिब किंवा आर यांत मात्र आलेख एका आज्ञा-फाईलमधून तयार होतो आणि कोणते निरीक्षण घेतले, कोणते वगळले, कोणत्या पट्ट्यात रेषा जुळवली, हे सर्व त्या फाईलमध्ये लिहिलेले असते.

एक्सेलबाबत दोन गोष्टी येथेच नमूद करणे योग्य ठरेल. त्यातील 'लाइन' प्रकारचा आलेख क्ष-अक्षावरील आकड्यांना सहसा नुसती लेबले मानतो व ती समान अंतरावर मांडतो. १९५१, १९६१, १९८१, २०११ अशा असमान अंतराच्या वर्षांचे आकडे लेबले म्हणून दिले, तर १० वर्षांची वाढ आणि ३० वर्षांची वाढ तेवढ्याच रुंदीत दिसते व रेषेचा चढ खोटा ठरतो. हा दोष अर्थशास्त्र व वाणिज्य शाखेच्या प्रबंधांतही संभवतो. त्यावर उपाय सोपा आहे: 'स्कॅटर' हा प्रकार निवडावा. दुसरी गोष्ट नोंदीची. दिलेला मजकूर तारखेसारखा दिसला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. मार्च आणि सेप्टेंबर या महिन्यांसारखी संक्षिप्त नावे असलेल्या मानवी जनुकांबाबत हा घोटाळा इतका वाढला, की नामकरण करणाऱ्या समितीने २०२० च्या सुमारास त्या जनुकांची नावेच बदलली. सॉफ्टवेअरच्या सवयीपुढे विज्ञानाने माघार घेतल्याचे असे उदाहरण विरळाच.

'टॉक प्लॉट' : एका आकड्याची कहाणी

महाराष्ट्रातील भौतिक व रसायनशास्त्राच्या विभागांत झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांसारख्या अर्धवाहकांच्या पातळ फिल्म किंवा भुकट्या तयार करून त्यांचा अभ्यास करण्याचे काम वर्षानुवर्षे चालू आहे. अशा प्रत्येक प्रबंधात बॅंड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला बद्ध पट्ट्यातून वाहक पट्ट्यात जाण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, काढलेला असतो. त्यासाठी वर्णपटमापकावर प्रकाशाचे शोषण मोजतात व 'टॉक प्लॉट' काढतात. यान टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये अस्फटिकी जर्मेनियमच्या अभ्यासात ही रीत वापरली होती. पुढे ती स्फटिकी पदार्थांनाही सर्रास लावली गेली. शोषणांक आणि फोटॉनची ऊर्जा यांच्या गुणाकाराचा घात य-अक्षावर आणि फोटॉनची ऊर्जा क्ष-अक्षावर घेतात. थेट संक्रमण असलेल्या पदार्थासाठी हा घात २, तर अप्रत्यक्ष संक्रमणासाठी १/२ असतो. आलेखाचा जो भाग सरळ दिसतो तेथे रेषा जुळवून ती खाली वाढवतात. ती क्ष-अक्षाला जेथे छेदते ती ऊर्जा म्हणजे बॅंड गॅप. रीत सोपी आहे. परंतु प्रत्येक पायरीवर निवड करावी लागते.

पहिली निवड घाताची. एकाच आधारसामग्रीवर दोन्ही घात लावून पाहिले तर दोन्हींत कोठे ना कोठे सरळ वाटणारा तुकडा सापडतोच. त्यामुळे 'रेषा चांगली आली' हे घात निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. ते कारण पदार्थाच्या ज्ञात पट्टरचनेतून यावे लागते. येथे ग्नूप्लॉट वापरणाऱ्यांसाठी एक सापळाही आहे. या प्रणालीत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकातच होतो, म्हणून १/२ चे उत्तर ० येते. घात म्हणून कंसात १/२ लिहिले तर प्रत्येक मूल्याचा शून्यावा घात, म्हणजे १, मिळतो व आलेखात एक आडवी रेषा दिसते. ०.५ लिहिले की अडचण दूर होते. आडवी रेषा निदान चूक उघड करते; इतर चुका इतक्या प्रामाणिक नसतात.

दुसरी बाब क्ष-अक्षाची. उपकरण तरंगलांबी देते, आलेख ऊर्जेचा हवा असतो. १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते: ३७० नॅनोमीटरला ३.३५, ३८० ला ३.२६, ४०० ला ३.१०. तरंगलांबीच्या समान पायऱ्या ऊर्जेच्या समान पायऱ्या नसतात. ३७५ नॅनोमीटरच्या आसपास १ नॅनोमीटरची पायरी जवळजवळ ०.००९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची होते. उपकरणाची फट २ नॅनोमीटरवर ठेवली असेल, तर त्याहून बारीक भेद मुळात मोजलेलाच नसतो. असे असता प्रबंधात बॅंड गॅप ३.२७४ असा तीन दशांश स्थळांपर्यंत छापणे म्हणजे सॉफ्टवेअरने दाखविलेले अंक उतरवून घेणे होय.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. फिल्मची जाडी नीट ठाऊक नसेल तर शोषणांक एका ठरावीक पटीने चुकतो. या चुकीने आलेख उंच किंवा ठेंगणा होतो, पण रेषेचा क्ष-अक्षावरील छेदनबिंदू हलत नाही. म्हणून जाडी ठाऊक नसतानाही बॅंड गॅप काढता येतो. बेरजेच्या चुकीचे तसे नाही. धूसर फिल्म किंवा भुकटी प्रकाश विखुरते. उपकरण तो विखुरलेला प्रकाशही शोषलेला समजते आणि संपूर्ण वक्र थोडा उचलला जातो. या उचलीमुळे छेदनबिंदू डावीकडे सरकतो व बॅंड गॅप कमी दिसतो. थेट संक्रमणाच्या बाबतीत गणित करून पाहता येते. रेषा जेथे जुळवली ती जागा खऱ्या बॅंड गॅपच्या ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर असेल आणि तेथील खऱ्या शोषणाच्या ३० टक्के एवढी उचल असेल, तर छेदनबिंदू सुमारे ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली येतो.

आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने शुद्ध नमुन्याचा बॅंड गॅप ३.२७ आणि डोपिंग केलेल्या नमुन्याचा ३.२२ काढला व डोपिंगमुळे तो घटल्याचा निष्कर्ष लिहिला. डोपिंग केलेली फिल्म अधिक धूसर असेल, तर हा ०.०५ चा फरक एकट्या विखुरण्यातूनही येऊ शकतो. निष्कर्ष खरा आहे की खोटा हे छेदनबिंदूवरून सांगता येत नाही; त्यासाठी बॅंड गॅपच्या खालच्या, शोषण नसलेल्या पट्ट्यातील वक्र आलेखात दाखवावा लागतो. पुष्कळदा हाच भाग 'आलेख नीट दिसावा' म्हणून अक्षाची मर्यादा ३ पासून सुरू करून कापून टाकलेला असतो. वाचकाला तपासणीसाठी जे हवे तेच नेमके मर्यादेबाहेर जाते. तो भाग दाखवला, त्या सपाट पट्ट्याची पातळी वजा केली किंवा मुख्य रेषा त्या सपाट रेषेशी जेथे मिळते तो बिंदू घेतला, तर तुलना अर्थपूर्ण होते. वजाबाकीनंतर काही मूल्ये ऋण होतात आणि वर्ग केल्यावर ती पुन्हा धन दिसतात, हेही ध्यानात असू द्यावे.

रेषा कोण काढते?

कित्येक प्रबंधांत ही रेषा जुळवलेली नसतेच. आलेख तयार झाल्यावर चित्र काढण्याच्या साधनाने त्यावर एक ठिपक्यांची रेषा टेकवलेली असते. आलेख कागदावरील पट्टीचीच ही संगणकीय आवृत्ती; फरक एवढाच की संगणकावर काढल्यामुळे तिला अचूकतेचा आभास प्राप्त होतो. रेषा गणिताने जुळवावी आणि कोणत्या पट्ट्यात जुळवली ते चित्रतळटीपेत लिहावे, एवढी अपेक्षा मार्गदर्शकाने ठेवणे रास्त आहे.

ग्नूप्लॉटमधील 'फिट' ही आज्ञा यासाठी उपयोगी पडते. सामान्यतः रेषेचे सूत्र चढ आणि य-अक्षावरील छेद या रूपात देतात व नंतर एकाला दुसऱ्याने भागून बॅंड गॅप काढतात. त्या भागाकाराची अनिश्चितता काढणे किचकट असते, म्हणून ती दिलीच जात नाही. त्याऐवजी सूत्र य = म × (क्ष − ग) असे लिहिले तर ग म्हणजे थेट बॅंड गॅप होतो आणि त्याची प्रमाण त्रुटीही सॉफ्टवेअरच देते. मात्र आरंभीच्या किमती स्वतः पुरवाव्यात. न दिल्यास ग्नूप्लॉट प्रत्येक अज्ञात राशी १ धरून सुरुवात करते आणि य-अक्षावरील मूल्ये फार मोठी असता शोध भरकटू शकतो. ग साठी ३.२ आणि म साठी आलेखावरून दिसणारा ढोबळ चढ दिला की पुरे.

सॉफ्टवेअरने दिलेली ही त्रुटी केवळ त्या रेषेभोवतीच्या बिंदूंच्या विखुरण्याची असते. पट्टा निवडण्यातील अनिश्चितता तिच्यात येत नाही. ती काढण्याचा साधा मार्ग म्हणजे पट्टा थोडा अलीकडे, थोडा पलीकडे, थोडा रुंद असा बदलून तीच जुळवणी पाच-सहा वेळा करणे. उत्तर ३.२५ ते ३.२९ असे हलत असेल, तर प्रबंधात ३.२७ ± ०.०२ लिहावे. आज्ञा-फाईल असली तर या कामाला काही मिनिटे लागतात.

जुळवणीचा पुरावा म्हणून आर-वर्गाचा आकडा छापण्याची प्रथा आहे. या आकड्यावर विसंबता येत नाही. दोन बिंदूंतून जाणाऱ्या तिरप्या रेषेचा आर-वर्ग नेहमीच १ असतो. पट्टा जितका अरुंद करावा तितका तो सहसा वाढतो आणि मग ०.९९९ साठी पट्टा आक्रसत नेण्याचा मोह होतो. फ्रान्सिस अॅन्सकोम यांनी १९७३ मध्ये ११-११ बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांत क्ष चा मध्य ९, य चा मध्य ७.५०, सहसंबंध गुणांक ०.८१६ आणि रेषेचे सूत्र य = ३ + ०.५ क्ष असेच येते. आलेख काढला की दिसते, एक संच खरोखर रेषेभोवती विखुरलेला आहे, दुसरा वक्र आहे, तिसऱ्यात एकच बिंदू रेषा ओढून नेतो आणि चौथ्यात तर एक बिंदू वगळता सर्वांचा क्ष एकच आहे. आर-वर्गापेक्षा अवशेषांचा, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या रेषेपासूनच्या अंतराचा, छोटा आलेख खाली जोडणे कितीतरी अधिक सांगते: अवशेष कमानीसारखे दिसले, तर तो भाग सरळ नव्हता हे निश्चित.

वक्राला रेषा करण्याची सवय

आलेख कागदाच्या काळात वक्र जुळवणे अवघड असल्याने सूत्र उलटेसुलटे करून रेषा मिळविण्याच्या युक्त्या रूढ झाल्या. जीवरसायनशास्त्रात विकरांच्या अभिक्रियेसाठी मिकेलिस व मेंटेन यांचे १९१३ चे समीकरण वापरतात. लाइनवीव्हर व बर्क यांनी १९३४ मध्ये वेगाचा व्यस्त आणि संहतीचा व्यस्त घेऊन त्याची रेषा केली. ही युक्ती पाठ्यपुस्तकांत आजही शिकवली जाते आणि समजण्यासाठी ती उत्तम आहे. आकडा काढण्यासाठी मात्र ती धोक्याची आहे. मोजलेला वेग १.०० ± ०.०१ असेल तर त्याचा व्यस्त ०.९९ ते १.०१ या पट्ट्यात राहतो. वेग ०.१० ± ०.०१ असेल तर व्यस्त ९.०९ ते ११.११ इतका पसरतो. मोजण्यातील चूक तेवढीच असूनही आलेखावरील अनिश्चितता शंभर पटींहून अधिक झाली. शिवाय हे सर्वांत अविश्वसनीय बिंदू रेषेच्या दूरच्या टोकाला बसतात आणि चढ तेच ठरवतात. साधी जुळवणी करणारे सॉफ्टवेअर सर्व बिंदूंना सारखेच वजन देते. मूळ वक्रच थेट जुळवण्याची सोय आज मुक्त सॉफ्टवेअरमध्येही आहे. ग्नूप्लॉटला तिसऱ्या स्तंभात प्रत्येक निरीक्षणाची अनिश्चितता दिली, तर ते वजनही योग्य देते. रेषा चित्रासाठी ठेवावी, आकडा वक्रातून घ्यावा.

त्रुटिदर्शक रेषांबाबत एकच मुद्दा पुरे. त्या प्रमाण विचलन दाखवतात, मध्याची प्रमाण त्रुटी दाखवतात की विश्वास-अंतराल, हे चित्रतळटीपेत लिहिले नाही तर त्या निरर्थक ठरतात. ९ निरीक्षणांवर प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाच्या एक तृतीयांश असते; तेव्हा निवडीनुसार तोच आलेख तिप्पट 'अचूक' दिसू शकतो.

गुळगुळीतपणाचा प्रश्नही याच जातीचा आहे. बेझिए पद्धतीचा गुळगुळीत वक्र पहिला व शेवटचा बिंदू सोडता निरीक्षणांतून जातोच असे नाही. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखातील शिखरे गुळगुळीत केली तर ती रुंदावतात, आणि शेरर यांच्या १९१८ च्या सूत्रात शिखराची रुंदी छेदस्थानी असल्याने स्फटिककणाचा आकार कमी येतो. 'नॅनो' आकार सिद्ध करण्याची ही अनवधानाने घडणारी वाट आहे. गुळगुळीत केलेला वक्र डोळ्यांसाठी काढावा. रुंदी मूळ निरीक्षणांवरूनच मोजावी.

रंग, आकार आणि देवनागरी

रंगपट्टीच्या आलेखांत इंद्रधनुष्यी छटा अनेक वर्षे प्रचलित होत्या. त्यांतील पिवळ्या व आकाशी पट्ट्यांपाशी डोळ्याला अस्तित्वात नसलेल्या सीमा दिसतात आणि कृष्णधवल छपाईत उंच-सखल ओळखू येत नाही. मॅटप्लॉटलिबने २०१७ मधील दुसऱ्या आवृत्तीत 'जेट' ही इंद्रधनुष्यी मूलनिवड सोडून 'विरिडिस' ही क्रमाने उजळत जाणारी पट्टी स्वीकारली. प्रबंधाच्या प्रती बहुधा कृष्णधवलच काढल्या जातात, तेव्हा रंगाबरोबर बिंदूंचे आकारही वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

नियतकालिकाचा एक स्तंभ साधारण ८.५ सेंटिमीटर रुंद असतो. इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने चित्र सुमारे १००० बिंदू रुंद हवे. पडद्याचे छायाचित्र घेऊन चिकटवल्यास अक्षरे फुटतात. रेषांच्या आलेखासाठी पीडीएफ किंवा एसव्हीजी ही रूपे योग्य, जेपीईजी अयोग्य. आलेख सुरुवातीपासूनच ८.५ सेंटिमीटर रुंदीचा काढला तर छापल्यावर अक्षरे केवढी दिसतील हे आधीच कळते.

मराठी प्रबंधांत अक्षांची नावे देवनागरीत देताना जोडाक्षरे तुटण्याचा अनुभव अनेकांना असतो. युनिकोडपूर्व फाँटांतील मजकूर आलेखात चालत नाही. ग्नूप्लॉटमध्ये यूटीएफ-८ निवडून कैरो-आधारित पीडीएफ किंवा पीएनजी रूप घेतले आणि युनिकोड देवनागरी फाँट दिला, तर 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' व्यवस्थित उमटतात.

आलेखासोबत काय ठेवावे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक झाले व 'शोधगंगा'वर देशभरातील प्रबंध खुले झाले. छापील आलेखावरून बिंदूंचे आकडे परत काढून देणारी साधनेही मोफत मिळतात. म्हणजे कोणताही आलेख आता अनोळखी वाचक पुन्हा मोजू शकतो, आणि त्या वेळी उत्तर देण्यासाठी मूळ निरीक्षणे हाताशी असावी लागतात. प्रत्येक आलेखासाठी एक फोल्डर असावा: त्यात उपकरणाने दिलेली, हात न लावलेली फाईल, आज्ञा-फाईल, तयार चित्र आणि कोणता बिंदू का वगळला याची दोन ओळींची टीप. विद्यार्थी आलेख घेऊन आला की मार्गदर्शकाने मूळ फाईलपासून तो समोर पुन्हा काढून दाखवायला सांगावे. आज्ञा-फाईल असेल तर हे काम चहा येईपर्यंत होते, आणि नसेल तर प्रबंध टंकलेखनाला जाण्यापूर्वीच ते कळते.